धूळ की थायरॉईड?

वणी तालुक्यातलं राजूर म्हटलं की कोळशाची खाण आणि चुन्याच्या भट्ट्या आठवतात. अशा गावात डोळे लाल झाले, पाणी गळू लागलं की दोष धुळीला जातो आणि औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली येते. पण काही आठवड्यांनंतरही त्रास हटत नसेल, तर थायरॉईड तपासायलाच हवं.

आजार होतो कसा?

शरीराची संरक्षण यंत्रणा थायरॉईड ग्रंथीवर उलटते, तेव्हा काहींच्या डोळ्यांमागची चरबी आणि स्नायूही सुजतात. डोळ्याची खोबण हाडाची, ती पसरत नाही. मग डोळा पुढे ढकलला जातो. थायरॉईड वाढलेल्या ग्रेव्ह्ज आजारात हे जास्त आढळतं. क्वचित रक्ताचे आकडे नॉर्मल असतानाही होतं.

ओळखायचं कसं?

धुळीने डोळे चुरचुरतात, पण पापणी वर ओढली जात नाही. आरशात सरळ समोर पाहा. काळ्या बुबुळाच्या वर पांढरी पट्टी दिसते का? जुना फोटो शेजारी धरून ताडून बघा. सकाळी पापण्या सुजणं, डोळा फिरवताना दुखणं, समोरून येणारी एक मोटारसायकल दोन दिसणं, जोडीला धडधड, हातांना कंप, वजन उतरणं ही लक्षणं सांगायला विसरू नका.

तपासण्या

रक्तात टीएसएच, टी-३, टी-४ आणि गरजेनुसार प्रतिपिंडं बघतात. नेत्रतज्ज्ञ नजर, रंगांची ओळख आणि बाहुलीची हालचाल तपासतात. हर्टेल उपकरणाने डोळा किती मिलिमीटर पुढे आला ते मोजतात. स्नायूंची सूज आणि दृष्टीच्या नसेवरचा दाब सीटी किंवा एमआरआयमध्ये कळतो.

उपचार

आधी थायरॉईड आटोक्यात आणतात. सौम्य आजारात कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री जेल आणि उंच उशी पुरते. सूज जोरात असेल तर शिरेतून स्टिरॉईड देतात, बहुधा आठवड्यातून एकदा, 12 आठवडे. दुहेरी दिसण्यावर प्रिझमचा चष्मा कामी येतो. आजार शांत झाल्यावर गरज पडल्यास शस्त्रक्रिया करतात: आधी खोबणीची, मग तिरळेपणाची, शेवटी पापण्यांची. थायरॉईडसाठी रेडिओआयोडीन घेण्याआधी डोळ्यांचा त्रास डॉक्टरांना सांगा. त्याने तो वाढू शकतो.

थांबू नका

रंग फिके वाटू लागले, लाल रंग एका डोळ्याला मळकट दिसला, नजर अंधुक झाली किंवा झोपेतही डोळा मिटेना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नस दबली तर दृष्टी कायमची जाऊ शकते. यवतमाळ आणि चंद्रपूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय राजूरकरांच्या आवाक्यात आहेत.

आणि विडी-सिगारेट आजच सोडा. धूम्रपानाने हा आजार बळावतो आणि औषधांचा गुणही कमी येतो. खाणीतली धूळ आपल्या हातात नाही, विडी मात्र आहे.