पायथॉनचं जॉबवर्क

शिरोलीच्या फाउंड्रीत ओतलेला भाग उद्यमनगरातल्या लेथवर जातो. फाउंड्रीवाल्याला लेथ चालवता यायची गरज नसते. ड्रॉइंगवरची मापं दोघांनी सारखी वाचली की काम होतं.

संगणकाच्या भाषाही असंच जॉबवर्क देतात. १९९१ साली आलेली पायथॉन लिहायला सोपी, पण मोठ्या आकडेमोडीत संथ. म्हणून तिची नमपाय लायब्ररी जड काम १९७२ च्या सुमारास घडलेल्या सी भाषेतल्या कोडकडे सोपवते.

हे जमतं कसं? दोन्हीकडचं काम शेवटी एकाच प्रोसेसरवर चालतं. आकडे कुठे ठेवायचे, उत्तर कुठून उचलायचं, एवढा करार पुरतो. अडचण मापांची. पायथॉनमधला प्रत्येक आकडा पुड्यात बांधलेला असतो, वर त्याच्या प्रकाराची चिठ्ठी. सीला हवा नुसता आकडा. दर वेळी पुडा सोडायचा, उत्तर पुन्हा बांधायचं, यात वेळ जातो. एकेक नग टेंपोने पाठवणं कुणाला परवडेल? नमपाय आधीच लाखो आकडे पुड्याविना ओळीने मांडून ठेवते आणि सीला फक्त त्यांचा पत्ता देते. मला ही युक्ती फार सुंदर वाटते.

माप चुकलं तर मात्र घात. पायथॉनमधलं सीटाइप्स हे साधन वापरून सीचं फंक्शन बोलावताना उत्तर दशांशात येणार हे सांगायचं राहिलं, तर पायथॉन ते पूर्णांक समजून वाचते. लेथवर चुकीचा भाग बसत तरी नाही. इथे भलताच आकडा निमूट पुढे जातो.