आधी बस, मग कर

वाहतुकीसाठी वेगळा कर म्हटला की लोक विरोधच करणार, हे आपण धरूनच चालतो. स्टॉकहोमचा अनुभव निराळा आहे. तिथे २००६ मध्ये शहरात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर सात महिने प्रायोगिक शुल्क घेतलं. जादा बस मात्र २००५ च्या ऑगस्टपासूनच धावत होत्या. आधी बहुतेकांचा विरोध होता. शुल्काच्या हद्दीवरची वर्दळ सुमारे २० टक्क्यांनी घटलेली दिसली आणि सप्टेंबरच्या सार्वमतात कौल बाजूने गेला. एडिनबरात प्रयोग न करता २००५ मध्ये थेट मत विचारलं, तेव्हा जवळपास तीन-चतुर्थांश मतदारांनी नकार दिला.

आपल्या दापोलीतही जादा बससाठी कर लावायचा तर हाच क्रम हवा. दापोलीला रेल्वे नाही. खेड स्थानकात उतरलेल्याला पुढे एसटी किंवा वडाप. गरिबाने आणखी का भरावं, हा आक्षेप रास्तच आहे, कारण एसटीच्या तिकिटात प्रवासी कर असतोच. म्हणून कराचा भार दापोलीजवळच्या मुरूड-कर्दे किनाऱ्यांवर येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांवर असावा. पर्यटक दुरावतील म्हणावं, तर महाबळेश्वरला प्रवेशकर भरूनही गर्दी होतेच. मात्र आधी खेड-दापोली-हर्णै जादा फेऱ्या सुरू व्हाव्यात, आणि जमा-खर्चाचा फलक दर महिन्याला एसटी स्टँडवर लागावा.