दोनशे वर्षं जुनी खोली, तीन हजारांत

इन्स्टावर 'वाडा होम डेकोर' टाकून बघा. कोरीव शिसवी पलंग, पितळी झुंबर, भिंतीवर पैठणीची फ्रेम आणि कोपऱ्यात फूटभर उंचीची समई. खाली किंमत विचारली की उत्तर येतं, 'डीएम करा'. डीएम केला की आपलं एका सेमिस्टरचं मेसचं बिल निघेल एवढा आकडा येतो. म्हणजे जुन्या काळासारखं राहायचं असेल तर आधी नव्या काळातला पगार हवा, असा एकूण हिशोब.

पण गंमत सांगू? ती रीलमधली खोली वाड्यात कधी नव्हतीच.

हे मला पुस्तकातून नाही, आजीकडून कळलं. "तुमच्या वाड्यात बेडरूम कशी होती?" असं मी विचारलं, तर ती हसायलाच लागली. "बेडरूम कायची वो? रात्री गाद्या टाकायच्या, सकाळी वळकटी करून ठेवायच्या. बायका-पोरं माजघरात, माणसं सपरीत. उन्हाळ्यात सारे आंगणात, बाजेवर." पलंग होता, पण एकच, आणि तो बाहेरच्या बैठकीत, पाहुण्यांसाठी. कपाट नव्हतं. कपडे खुंटीला, ठेवणीतले पेटीत. सुपारीपासून चष्म्यापर्यंत बाकी सगळं भिंतीतल्या कोनाड्यात, आमच्याकडे त्याला आला म्हणतात.

आता हे बजेटच्या नजरेनं वाचा. बेड नको. वॉर्डरोब नको. साइड टेबल नको. हॉस्टेल किंवा भाड्याची खोली घेतली की ज्या तीन गोष्टींवर सगळ्यात जास्त खर्च होतो, त्या तिन्ही या स्टाइलमध्ये बसतच नाहीत. कमी पैशात जमेल अशी ऐतिहासिक स्टाइल शोधायची तर व्हिक्टोरियन बंगला सोडा, आपला वाडाच घ्या.

पुण्याचा वाडा, आपला वाडा

वाडा म्हटलं की डोळ्यांपुढे पुणं येतं. शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, नाहीतर वाईजवळच्या मेणवलीतला नाना फडणवीसांचा वाडा ('स्वदेस'मध्ये दिसणारं गाव तेच). आपल्याला जवळचं नागपूर. तिथला भोसल्यांचा मोठा राजवाडा सागवानी कामासाठी नावाजलेला होता. तो 1864 मध्ये जळाला, नगारखाना तेवढा उरला. भंडाऱ्याच्या खेड्यांत मात्र वाडा म्हणजे मालगुजाराचं घर. ज्या मालगुजारांच्या नावानं आपण आजही 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो, तेच हे. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, घरं राहिली. मातीच्या हातभर जाड भिंती, वर कवेलू, सागाचे खांब, खाली शेणानं सारवलेली जमीन. बाकीच्यांची घरं याचंच छोटं रूप. आमचंही तसंच. वाडा म्हणण्याइतकं मोठं नाही, पण हाडं तीच.

आणि ते घर दिवाळीनंतर पाडायचं ठरलंय. स्लॅबचं होणार. त्यात वाईट वाटून घ्यावं असं मला वाटत नाही. पावसाळ्यात गळणाऱ्या कवेलूंखाली बादल्या लावायचं काम ज्यांनी केलंय, त्यांना 'हेरिटेज' या शब्दाचं फार कौतुक सांगू नये. पण घर पाडताना आतल्या वस्तूंचं काय होतं, ते बघण्यासारखं आहे. लाकूड विकलं जातं, पितळ मोडीत जातं, उरलेलं चुलीत. एका आठवड्यात तीन पिढ्यांचा संसार गायब. म्हणून मी ठरवलं, शहरातल्या आपल्या खोलीत मावेल तेवढं आधीच आणून वापरायला घ्यायचं. बजेट तीन हजार, इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून वाचवलेले.

आधी भिंत

सगळ्यात मोठा फरक पडतो भिंतीनं, आणि भिंत सगळ्यात स्वस्त आहे. चुना. दहा किलो आणला, 250 रुपये. भिजवताना तो तापतो, उकळतो, म्हणून प्लास्टिकच्या बादलीत एकदम ओतू नका, लोखंडी टोपलं घ्या, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. चुना डोळ्यात जाणं ही चेष्टा नाही. रात्रभर मुरू द्या, गाळा, मूठभर मीठ आणि थोडा डिंक घाला. भिंत ओली करून पातळ हात मारा. पहिला हात मारला की काहीच दिसत नाही, वाटतं पैसे पाण्यात. वाळला की पांढरा होतो, आणि पुढचे काही दिवस आणखी पांढरा होत जातो, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा घट्ट होत असतो. अकरावीचं केमिस्ट्री असं भिंतीवर भेटलं. तीन हात पुरतात. जो मऊ, किंचित ढगाळ पांढरा रंग येतो, तो कुठल्याही डब्यातल्या 'ऑफ व्हाइट'ला येत नाही.

एक अट आहे. भिंतीला आधी ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट असेल तर चुना धरत नाही, पोपडे निघतात. तिथं घासून काढा किंवा सरळ पांढरं डिस्टेंपर मारा. आणि भर पावसाळ्यात हा उद्योग करू नका.

खाली जमिनीपासून हातभर उंचीचा गेरूचा पट्टा. खेड्यातल्या घरांना असतोच, पावसाचे शिंतोडे आणि पाठीचे डाग झाकायला. आतल्या खोलीतही तो पट्टा आला की खोली एकदम जमिनीवर बसल्यासारखी वाटते. नुसता गेरू कपड्यांना लागतो, म्हणून त्यात थोडं फेविकॉल. वाड्यात फेविकॉल नव्हतं हे मान्य. पण वाड्यात पांढरी जीन्स घालून भिंतीला टेकणारेही नव्हते.

नागपुरात रूम घेऊन राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला घरमालकानं भिंतीला हात लावायचा नाही असं बजावलंय. तिनं बांबूच्या चटया आणून भिंतीच्या खालच्या अर्ध्या भागाला दोरीनं टांगल्या. खिळा एकही नाही. झाडीपट्टीत बांबूकाम करणारे बुरड अजून बाजाराला बसतात. त्यांच्याकडून घ्या, ऑनलाइन 'बोहो मॅट'च्या नावाखाली तीच चटई किती महाग मिळते ते बघा आणि रडा.

गुंडावरचं नाव

आता पितळ. भंडारा ही पितळनगरी. गावाच्या नावाचा संबंधसुद्धा 'भाणा' म्हणजे पितळेशी जोडला जातो. तरी आपल्या घरांत आज काय आहे? स्टील आणि प्लास्टिक. पितळेचे गुंड, गडवे, कोपर, घंगाळ माळ्यावर काळे पडून आहेत आणि लग्नसराई आली की एकेक मोडीत जातात.

मोडीत देताना काय होतं हे एकदा दुकानात उभं राहून पाहा. वजन होतं, भाव लागतो. घडणावळ शून्य. हातोडीच्या ठोक्याठोक्यानं केलेलं मठारकाम, ज्यासाठी कुणीतरी दिवसभर बसलं असेल, त्याची किंमत वजनात येत नाही. पातळ पत्र्याचं मशीनचं भांडं आणि हे, दोन्ही एकाच तराजूत.

आमच्या माळ्यावरचा एक गुंड बाबांनी मोडीसाठी बाजूला काढला होता. चिंच आणि मीठ लावून घासला, तेव्हा गळ्याजवळ टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं वर आली. आजीच्या वडिलांचं नाव, गाव आणि लग्नाचं साल. आजीच्या लग्नाचा फोटो नाही. पत्रिका नाही. शाळेचा दाखला नाही, कारण शाळा नाही. तिच्या माहेरचं नाव लिहिलेली आमच्या घरातली एकमेव वस्तू म्हणजे तो गुंड, आणि तो किलोच्या भावानं चालला होता. बाबा काही बोलले नाहीत. गुंड परत पिशवीत ठेवला आणि पिशवी माझ्याकडे दिली.

त्यामुळे तुम्हाला एवढंच सांगते: घरातलं कुठलंही पितळ मोडीत देण्याआधी गळा आणि बूड घासून बघा. आहेराच्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत सगळीकडे होती.

आता तो गुंड माझ्या खोलीत खिडकीखाली आहे, पाणी भरून, वर गडवा पालथा. शोपीस केला नाही. वापरलं की पितळ आपोआप चमकतं, म्हणजे घासावं लागतं म्हणून. आठवड्यातून एकदा चिंच. फक्त दही, लोणचं, ताक असलं आंबट काही बिनकल्हईच्या पितळेत ठेवू नका, कळकतं.

असल्या साध्या वस्तूंची किंमत एका माणसाला फार आधी कळली होती. पुण्याच्या दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास जमवायला सुरुवात केली ती कशाची? दिवे, अडकित्ते, फण्या, दौती, दारं. लोक टाकून देत होते तेच. पुढे 1975 मध्ये हा सगळा संग्रह त्यांनी राज्य सरकारला देऊन टाकला. लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं ते संग्रहालय आहे. पुण्याला गेलात तर एफसी रोडआधी तिथं जा. वाड्यातली खोली कशी भरायची, याचा त्याहून चांगला क्लास नाही.

बाकीचं भराभर सांगते. गादी नवी घेतली नाही, जुनीच कापसाची पिंजून घेतली, नव्या खोळीसह 650. उरलेल्या कापसाचे दोन लोड, खोळींचे 200. खाली सतरंजी, 450. सहा खुंट्या सुताराकडून सागाच्या तुकड्यांतून, 300. आजोबांची पत्र्याची पेटी काळी रंगवली, तीच कपाट आणि तीच बसायला. पडद्याला आजीचं सुती लुगडं. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट कापड, पाच-पाच फुटांचे पाच पडदे निघतात, शिलाईचे 120. आजीनं कोशाचं करवती लुगडंही काढून दिलं होतं. मोहाडी-आंधळगावच्या मागावरचं असावं, करवतीच्या दातांसारखा काठ. ते कापलं नाही आणि तुम्हीही कापू नका. रेशीम उन्हात विरतं, खिडकीत दोन उन्हाळे टिकणार नाही. ते घडी बदलून पेटीतच.

उजेड मात्र नीट निवडा. पांढरी ट्यूब लावली की एवढी मेहनत केलेली खोली बँकेच्या शाखेसारखी दिसते. 'वॉर्म व्हाइट' म्हणजे 2700 केल्विनचे दोन एलईडी बल्ब, एक खाली गादीजवळ. वाड्यात उजेड खालून, समईच्या उंचीवरून यायचा, म्हणून सावल्या वर जातात. अभ्यासाला वेगळा टेबललॅम्प ठेवा, परीक्षा काही अठराव्या शतकातली नाही. आणि रीलमध्ये दाखवतात तशी खरी समई पडद्याशेजारी पेटवून झोपू नका.

सजावट म्हणून भिंतीवर वारली काढायची मला घाई नाही. वारली पालघरकडची. आपल्याकडं काय आहे? तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. नागपूरच्या भोसल्यांपासून चालत आलेला मानला जाणारा हा मुलांचा सण, आणि आपल्यापैकी प्रत्येकाचा एक बैल कुठल्यातरी माळ्यावर एक चाक मोडून पडलेला आहे. माझा आता पेटीवर आहे, तीन चाकांवर.

एका मोहापासून मात्र लांब राहा. पवनीसारख्या ठिकाणी, जिथं 1969-70 च्या उत्खननात स्तूपाचे अवशेष सापडले, तिथं आसपास नांगरताना जुनी वीट, नाणं, मूर्तीचा तुकडा निघतो आणि कुणीतरी तो शेल्फवर ठेवायला आणतो. तो डेकोर नाही. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. देवळाच्या दगडांचंही तेच. आपल्या माळ्यावर भरपूर आहे.

चुना, गेरू, ब्रश, पेटीचा रंग, बल्ब, होल्डर, वायर, चिंच सगळं धरून हिशोब आला 2,850. दीडशे उरले.

एक काम राहिलंय. माजघराच्या दाराची सागवानी चौकट, उंची पाच फूट, आत शिरताना मान झुकवावी लागे अशी. घर पाडणारा ठेकेदार ती लाकडात धरतोय. सुतार म्हणतो, तिचं पुस्तकांचं शेल्फ होईल, बाराशे लागतील. आजी म्हणते, "कापू नोको, उभीच टेकवून ठेव." दिवाळीपर्यंत वेळ आहे. सध्या ती चौकट माझ्या खोलीच्या भिंतीला टेकून उभी आहे, आणि तिच्यावर ओला टॉवेल वाळत घातलाय.