भिंतीवरील एक वाक्य

सोलापूर मागें टाकून विजयपूरच्या रस्त्यानें दक्षिणेस निघालें, म्हणजे भीमा ओलांडण्यापूर्वीं मंद्रूप लागतें. या टापूंत मराठीबरोबर कानडीहि सहज कानीं पडते. मोठ्या रस्त्यावरच्या अशा गांवांतील भिंती सहसा कोऱ्या राहत नाहींत. बियाणें, खतें, निवडणुकीच्या निशाण्या यांनीं त्या रंगलेल्या असतात. शाळा जवळ आली कीं सुविचार सुरू होतात आणि त्यांत एखादें वाक्य वाटसरूला अवचित थांबवितें. तळव्यांना जपणाऱ्या मुलानें मनालाहि तसेंच जपावें, अशा अर्थाचें तें वाक्य महाराष्ट्रांतील कितीतरी शाळांच्या भिंतींवर आढळतें. खालीं लेखकाचें नांव नसलें तरी ओळख पटते. हा तर ‘श्याम’!

स्नान झालेलें आहे, पाय ओले आहेत. तळव्यांना माती लागूं नये म्हणून आईनें पदर पसरावा असा हट्ट श्याम धरतो. आई तो पुरविते आणि मग जें बोलते, तेंच पुढें भिंतींवर चढलें. वाचणाऱ्याला मात्र उपदेशाआधीं तो हट्टी पोर आठवतो, ओला पदर आठवतो.

साने गुरुजींनीं ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग फेब्रुवारी १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत अवघ्या कांहीं दिवसांत लिहिला; पुस्तक १९३५ सालीं निघालें. तिला कादंबरी म्हणावें कीं आत्मकथन, हा वाद पंडितांनीं घालावा. प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशीं नांवें आहेत, कारण श्याम आश्रमांतील सोबत्यांना रोज रात्रीं एकेक आठवण सांगतो. कित्येक घरांत हें पुस्तक मुलांनीं वाचण्यापूर्वीं मोठ्यांच्या तोंडून ऐकलेलें असतें. म्हणून भिंतीवरचें अर्धें वाक्यहि पुरतें. इ. स. ७९ मध्यें राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेई नगराच्या भिंतींवर व्हर्जिलच्या महाकाव्याचे आरंभींचे शब्द अनेक ठिकाणीं खरडलेले सांपडले. तेंहि तेथील मुलांचें पाठ्यपुस्तकच होतें.

परंतु भिंत निवड करते. त्याच पुस्तकांत एका वृद्ध महार स्त्रीची लाकडांची मोळी खालीं पडलेली आहे. शिवाशिवीच्या भयानें कोणी हात लावीत नाहीं. आई श्यामला ती उचलून द्यावयास पाठविते; घरीं येऊन स्नान कर, असेंहि सांगते. त्या काळच्या ब्राह्मण घरांतील माउलीचें धैर्य कोठवर पोंचलें व कोठें थांबलें, तें येथें लपविलेलें नाहीं. मुलगा मात्र तेथें थांबला नाहीं. मंद्रूप ज्या जिल्ह्यांत आहे, त्याच सोलापूर जिल्ह्यांतील पंढरपुरीं, विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींनीं १ मे १९४७ रोजीं उपोषण आरंभिलें. तें १० मे रोजीं सुटलें आणि मंदिर खुलें झालें.

त्या मोळीचें वाक्य भिंतींवर क्वचितच रंगविलेलें दिसतें.