सभासद मयत झाल्यावर : नॉमिनी कोण आणि मालक कोण ?



सभासद मयत झाला की दिवसकार्य आटोपून घरची मंडळी शेअर विभागात येतात. पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "नॉमिनी म्हणून माझं नाव आहे, मग शेअर माझाच ना ?" आमचे उत्तर असे की शेअर तुमच्या नावावर होईल, पण तो तुमच्या एकट्याच्या मालकीचा झाला असे नाही. हे पुष्कळांना पटत नाही, म्हणून जरा खुलासा करतो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३० प्रमाणे सभासदाने ज्याचे नामनिर्देशन केले असेल त्याच्या नावे संस्था शेअर वर्ग करते. नामनिर्देशन नसेल तर समितीला जो वारस दिसेल त्याच्या नावे. पुढचा व्यवहार कोणाशी करायचा, एवढेच कारखान्याला यातून कळते. घरातल्या बाकीच्यांचा हक्क त्याने बुडत नाही. विम्याच्या पैशाबाबत १९८३ साली आणि कंपन्यांच्या शेअर्सबाबत २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले आहे. नॉमिनी रक्कम हाती घेतो, मालक वारसच.

मग वारस कोण ? मृत्युपत्र नसेल तर हिंदू सभासदाला (यात बौद्ध, जैन, शीखही आले) हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागू होतो. मुस्लिम व ख्रिस्ती सभासदांचे कायदे वेगळे आहेत, ते येथे घेत नाही.

पुरुष सभासद मयत झाला तर विधवा पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस. सर्वांना सारखा वाटा. आधीच वारलेल्या मुलाचा वाटा त्याच्या बायकापोरांकडे जातो. वडील मात्र या वर्गात नाहीत आणि भाऊही नाहीत. म्हातारा बाप जिवंत असूनही त्याला काही मिळत नाही, हे ऐकून लोक चकित होतात, पण कायदा तसा आहे.

समजा, सभासदाने स्वतःच्या कमाईतून पाच एकर घेतले. मागे आई, पत्नी, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी. प्रत्येकाला एक एकर. पत्नीचा एकर हा तिच्या पूर्ण मालकीचा, नुसत्या पोटगीचा नव्हे.

जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशेब दोन टप्प्यांत होतो. चार एकर म्हणजे १६० गुंठे धरा, आई हयात नाही असे समजा. आधी मयत व्यक्ती जिवंत आहे असे मानून वाटप करायचे : तो स्वतः, पत्नी, दोन मुलगे, मुलगी, प्रत्येकी ३२ गुंठे. मग मयताच्या ३२ गुंठ्यांचे चौघांत वाटप, प्रत्येकी ८. म्हणजे चौघांना ४०-४० गुंठे, बरोबर एक-एक एकर.

"पण बहिणीच्या लग्नात खर्च केला की !" हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकतो. लग्नाच्या खर्चाने वाटा संपत नाही. महाराष्ट्राने १९९४ साली, तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीने तो विवाहित मुलींनाही मिळाला. त्या वेळी वडील हयात असायलाच हवेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेले वाटप मात्र उकरता येत नाही. बहिणीला खुशीने वाटा सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. भाऊबीजेला "मला काही नको" म्हणाली, एवढ्यावर भागत नाही. आणि वारसांच्या यादीतून तिचे नावच गाळणे हा तर शुद्ध खोटेपणा. पुढे तिची मुले दावा लावतात आणि उसाचे पैसे कोर्टात जातात.

सोसायटीचे कर्ज ? जमिनीवरचा बोजा जमिनीबरोबर येतो. त्याखेरीज मयताचे देणे वारसांनी मिळालेल्या मिळकतीपुरतेच द्यायचे असते.

आता कागदांचे. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांत करावी. वारसाची खबर तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यावी, त्यावरून फेरफार होऊन सात-बारावर नावे लागतात. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा निकाल नव्हे. तेथे एकट्या थोरल्याचे नाव लागले म्हणून धाकट्याचा हक्क जात नाही.

हे सगळे मृत्युपत्र नसताना. स्वकष्टार्जित मिळकत, तसेच वडिलोपार्जितातला आपला स्वतःचा हिस्सा कोणाला द्यायचा, हे सभासदाला हयातीत ठरवता येते. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. आपली सही आणि ती सही पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्याला मिळकत द्यायची त्याला किंवा त्याच्या पत्नीला साक्षीदार घेऊ नये.