बातमी अमेरिकेची, उत्तर घटनेत

जानेवारी २०२५ च्या शेवटच्या आठवड्यातील ही गोष्ट. लोणी काळभोरमधील एक परिचित गृहस्थ वर्तमानपत्राची घडी हातात घेऊन सकाळीच दारात उभे राहिले. त्यांची कन्या न्यू जर्सीत राहते, जावई एच-वन-बी व्हिसावर नोकरी करतात आणि मार्चमध्ये कन्येचे बाळंतपण व्हायचे होते. "सर, अमेरिकेनं जन्मानं मिळणारं नागरिकत्व रद्द केलं म्हणतात. मग आमचं नातवंड कुणाचं धरायचं?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

अनेक वर्षे नागरिकशास्त्र शिकविल्यामुळे अशा प्रश्नाला माझे उत्तर ठरलेले आहे. बातमी एका हातात आणि राज्यघटना दुसऱ्या हातात घेऊन बसायचे. अमेरिकेच्या बाबतीत हे तुलनेने सोपे, कारण १७८७ मध्ये फिलाडेल्फियात तयार झालेली ती घटना अवघ्या ७ कलमांची आहे आणि तिला आजवर २७ दुरुस्त्या झाल्या आहेत. सारे मिळून एका दुपारी वाचून होते. आपल्या मूळ घटनेतच ३९५ कलमे आणि ८ परिशिष्टे होती.

बातमीत शब्द होता 'वटहुकूम'. पहिला घोटाळा येथेच होतो, आणि तो आपल्या मराठी वृत्तपत्रांनी केलेला आहे. आपल्याकडे वटहुकूम म्हणजे संसदेचे अधिवेशन चालू नसताना कलम १२३ खाली राष्ट्रपतींनी काढलेला तात्पुरता कायदा. संसदेच्या कायद्याइतकेच बळ त्याला असते. अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत तो मंजूर झाला नाही, तर तो संपतो. अमेरिकेच्या अध्यक्षांना असा अधिकारच नाही. तेथील घटनेचे पहिले कलम कायदे करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तेथील संसदेला देते. अध्यक्षांचा क्रमांक दुसऱ्या कलमात लागतो आणि कायद्यांची इमानेइतबारे अंमलबजावणी करणे हे तेथे त्यांचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. तेव्हा २० जानेवारी २०२५ रोजी, शपथविधीच्याच दिवशी, डोनाल्ड ट्रम्प यांनी सही केलेला कागद हा कायदा नव्हता. आपल्या हाताखालील खात्यांना दिलेला तो हुकूम होता. आई बेकायदा राहणारी असेल, किंवा शिक्षण, नोकरी, पर्यटन अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेली असेल, आणि वडील अमेरिकेचे नागरिक अथवा ग्रीनकार्डधारक नसतील, तर हुकुमानंतर तीस दिवसांनी व त्यापुढे जन्मणाऱ्या बालकाला नागरिकत्वाची कागदपत्रे देऊ नयेत, असे त्यात म्हटले होते. परिचितांचे नातवंड नेमके या व्याख्येत बसत होते.

मग आम्ही चौदावी दुरुस्ती काढली. तिचे पहिलेच वाक्य असे सांगते, की अमेरिकेत जन्मलेली किंवा तेथे रीतसर नागरिकत्व मिळविलेली आणि त्या देशाच्या अधिकारक्षेत्राखाली असलेली प्रत्येक व्यक्ती अमेरिकेची, तसेच ती ज्या राज्यात राहते त्या राज्याची नागरिक होय. हे वाक्य घटनेत आले ते १८६८ मध्ये, आणि फार मोठी किंमत मोजून आले. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला होता, की आफ्रिकी वंशाचा माणूस, मग तो गुलाम असो वा स्वतंत्र, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. पुढे यादवी युद्ध झाले, १८६५ मध्ये तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली, आणि कोणत्याही न्यायालयाने वा सरकारने हा प्रश्न पुन्हा उकरून काढू नये म्हणून नागरिकत्वाची व्याख्याच घटनेत घालण्यात आली.

पुण्याच्या वाचकाला हा इतिहास परका असण्याचे कारण नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकी जनतेला अर्पण केला होता. योगायोग असा, की त्याच साली सॅन फ्रान्सिस्कोत एका चिनी दांपत्याला मुलगा झाला. त्याचे नाव वाँग किम आर्क. आईवडिलांना वंशामुळे अमेरिकेचे नागरिकत्व घेण्याची मुभाच नव्हती. मुलगा १८९५ मध्ये चीनला जाऊन परत आला, तर तू आमचा नागरिक नव्हेस म्हणून त्याला बंदरावरच अडविण्यात आले. १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. परकीय राजदूतांची मुले, चाल करून आलेल्या शत्रुसैन्याची मुले असे मोजके अपवाद सोडले, तर जन्मभूमी हीच कसोटी, असे त्या निकालाने ठरले. मूळ रहिवासी जमातींचा प्रश्न मात्र वेगळा राहिला. त्या जमातींत जन्मलेल्या सर्वांना नागरिकत्व मिळाले ते थेट १९२४ च्या कायद्याने. ज्यांची मूळची भूमी, त्यांनाच सर्वांत उशिरा!

साऱ्या वादाचे मूळ 'अधिकारक्षेत्राखाली' या एका शब्दात आहे. ट्रम्प सरकारचे म्हणणे असे, की येथे अधिकारक्षेत्र म्हणजे पूर्ण निष्ठा, आणि तात्पुरत्या वास्तव्यासाठी आलेल्यांची निष्ठा तशी नसते. विरोधकांचे म्हणणे असे, की ज्याला त्या देशाचा कायदा पाळावा लागतो तो त्याच्या अधिकारक्षेत्राखालीच असतो. मला दुसरा अर्थ सरळ वाटतो. जावयाने न्यू जर्सीत सिग्नल तोडला तर दंड तेथलेच पोलीस करणार, हडपसरचे नव्हेत.

"मग आपल्याकडे कसं आहे?" परिचितांनी विचारले. हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण त्याचे उत्तर अनेकांना चकित करते. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने भारतातही राजदूतांच्या मुलांसारखे अपवाद वगळता येथे जन्मलेले मूल भारतीयच मानले जाई. १ जुलै १९८७ पासून जन्मणाऱ्यांसाठी आईवडिलांपैकी एक भारतीय हवा, अशी अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून ती आणखी कडक झाली: दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. हे दोन्ही बदल संसदेने साध्या कायद्याने केले, आणि ते योग्यच होते, कारण नागरिकत्वाविषयी कायदे करण्याचा अधिकार आपल्या घटनेच्या कलम ११ ने संसदेलाच दिला आहे. अमेरिकेत तीच गोष्ट घटनेत कोरलेली असल्यामुळे ती बदलायची तर पाचव्या कलमाची वाट धरावी लागते. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते, आणि त्यावर ५० पैकी ३८ राज्यांची मान्यता! सत्ताविसावी दुरुस्ती १७८९ मध्ये मांडली गेली होती. ती मंजूर झाली १९९२ मध्ये. एका हुकुमाने हे अंतर कापता येईल का, हा खरा खटला आहे.

तो न्यायालयात कसा चालला, हे मथळ्यांवरून कळत नाही. तीनच दिवसांत, २३ जानेवारीला, सिएटल येथील न्यायाधीश जॉन कफनॉर यांनी हुकूम उघडउघड घटनाबाह्य ठरवून त्याला स्थगिती दिली. इतरत्रही मनाई हुकूम निघाले. नंतर २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला आणि आपल्याकडे 'ट्रम्प यांचा विजय' असे मथळे झळकले. वस्तुतः त्या दिवशी नागरिकत्वाचा निर्णय झालाच नव्हता. एका जिल्हा न्यायाधीशाने वादी नसलेल्यांनाही लागू होईल असा देशव्यापी मनाई हुकूम द्यावा काय, एवढाच प्रश्न होता, आणि सहा विरुद्ध तीन मतांनी उत्तर आले की सामान्यतः देऊ नये. पंधरवड्यात, १० जुलैला, न्यू हॅम्पशायरच्या न्यायाधीशांनी अशा सर्व बालकांचा एक वर्ग मानून सामूहिक दाव्यात पुन्हा मनाई दिली. मूळ प्रश्न ऐकण्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले ते ५ डिसेंबर २०२५ रोजी. या प्रकरणातील निकालपत्र हाती घेताना पहिल्यांदा पाहावे ते हे, की न्यायमूर्ती चौदाव्या दुरुस्तीवर बोलतात की तेच शब्द असलेल्या १९५२ च्या कायद्यावर. कायदा काँग्रेस बदलू शकते. घटना एकटी काँग्रेस बदलू शकत नाही.

अमेरिकेचे राज्ययंत्र मराठीत समजावून सांगण्याचा हा उद्योग काही नवा नाही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, ज्या शहरात ती घटना लिहिली गेली त्याच शहरात. अमेरिकेत सुमारे पावणेतीन वर्षे राहून त्यांनी जे पाहिले, ते १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या ग्रंथात मांडले. त्यात तेथील राज्यव्यवस्थेवर स्वतंत्र प्रकरण आहे. पारतंत्र्यातील वाचकांसाठी लिहिलेले हे प्रकरण आहे, हे ध्यानात ठेवून ते वाचावे. लोणी स्थानकातून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की वाटेत केडगाव लागते. रमाबाईंचे मुक्तिसदन तेथलेच.

दुहेरी नागरिकत्वाचा मुद्दा तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत स्वच्छ करून सांगितला होता. अमेरिकेत संघराज्याचे आणि घटक राज्याचे अशी दोन नागरिकत्वे असतात. भारतात मात्र एकच. म्हणजे परिचितांचे नातवंड न्यू जर्सीचेही नागरिक होणार होते, पण त्यांचे लोणीतले आजोबा 'महाराष्ट्राचे नागरिक' नाहीत, ते भारताचेच आहेत. याची त्यांना बरीच गंमत वाटली.

एप्रिल २०२५ मध्ये ते पुन्हा आले, ते नातीच्या जन्माचे पेढे घेऊन. या वेळची बातमी होती बेळगावात वाढलेले मराठी भाषक खासदार श्री ठाणेदार यांनी ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाचा प्रस्ताव मांडल्याची. "आता आपला माणूस अध्यक्ष होईल का?" असे त्यांनी विचारले. महाभियोगाचा आरोप प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने ठेवू शकते. दोषी ठरविण्यास मात्र सिनेटमध्ये दोन तृतीयांश मते लागतात. ट्रम्प यांच्यावर २०१९ आणि २०२१ असा दोनदा आरोप ठेवला गेला आणि दोन्ही वेळा ते सुटले. शिवाय अध्यक्ष पद गेले तरी ते उपाध्यक्षांकडे जाते. ठाणेदारांना तर ते कधीच मिळणार नाही, कारण दुसऱ्या कलमानुसार अध्यक्ष जन्माने नागरिक असावा लागतो. "तुमच्या नातीला मात्र चालेल," मी म्हणालो, "वयाची ३५ वर्षे आणि अमेरिकेतला १४ वर्षांचा रहिवास पुरा होऊ द्या."

मनाई हुकूम चालू असल्यामुळे तिचा अमेरिकी पारपत्राचा अर्ज विनाअडथळा मंजूर झाला होता. तिला थेऊरच्या चिंतामणीला केव्हा आणायचे, याची आता घरी घाई होती. मग आम्ही आपला १९५५ चा कायदा पुन्हा उघडला. भारतीय आईवडिलांचे परदेशात जन्मलेले मूल वर्षभरात वकिलातीत नोंदवून भारतीय नागरिक करता येते, पण त्याच्याकडे दुसऱ्या देशाचे पारपत्र नाही, असे आईवडिलांना लिहून द्यावे लागते. ते आता शक्य नव्हते. आजोबांनी चष्मा पुसला आणि ओसीआय कार्डाच्या अर्जाला कोणकोणती कागदपत्रे लागतात, ते लिहून घ्यायला कागद मागितला.