गोली कोण होणार? : पीटर थंगराज यांची गोष्ट

मधल्या सुट्टीत मुलं फुटबॉल खेळायला लागली की पहिलं भांडण ठरलेलं. गोली कोण? शेवटी जो हळू पळतो, ज्याला संघात घ्यायला कुणी तयार नसतं, त्याला दोन दप्तरांच्या मध्ये उभं करतात. माझ्या वर्गातला एक मुलगा आठवडाभर तिथेच होता. "सर, मला खेळायला कधी मिळणार?" असं त्यानं विचारलं. म्हणजे गोलीचं काम त्याच्या लेखी खेळणंच नव्हतं! दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी पीटर थंगराज यांची गोष्ट सांगितली.

थंगराज हैदराबादचे, जन्म १९३५ चा. फौजेत भरती होऊन ते मद्रास रेजिमेंटल सेंटरच्या संघात आले, तेव्हा खेळायचे सेंटर फॉरवर्ड, म्हणजे गोल मारणारे. मग गोलात उभे राहिले आणि नाव तिथेच झालं. संघानं १९५५ आणि १९५८ ला ड्युरँड चषक जिंकला. १९५६ आणि १९६० च्या ऑलिंपिक संघांत ते होते. तेव्हाचे आपले खेळाडू हौशीच म्हणायचे, पगार नोकरीचा.

१९६२ ची जकार्ताची आशियाई स्पर्धा मात्र सविस्तर सांगावी. 'मैदान' चित्रपटामुळे पालकांनाही ती माहीत असेल. संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर, आपल्याच पेशातले. स्पर्धेत थंगराज तापाने आजारी पडले आणि त्यांच्या जागी प्रद्युत बर्मन उभे राहिले. संघ जिंकत अंतिम फेरीत पोचला. जिंकता संघ कोण बदलतो? पण दक्षिण कोरियाविरुद्ध रहीमसाहेबांनी उंचापुऱ्या थंगराजना पुन्हा गोलात आणलं. भारत २-१ ने जिंकला. मला यात बर्मनचंही कौतुक वाटतं, त्यांचं नाव मुलांना जरूर सांगा.

१९६७ ला अर्जुन पुरस्कार मिळाला. १९७१ च्या सुमारास खेळणं थांबवून थंगराज प्रशिक्षक झाले. (इंग्लंडात याच कामाला मॅनेजर म्हणतात.) गोव्याचा वास्को क्लब, अलीगढ विद्यापीठ आणि मग बोकारो, जिथे २००८ मध्ये त्यांचं निधन झालं. गोली प्रशिक्षक होतो यात मला नवल वाटत नाही. बाकीच्यांना चेंडू दिसतो, गोलीला आपले दहाही जण समोर दिसतात. कोण जागा सोडून गेलाय हे ओरडून सांगणं हे त्याचं रोजचंच काम.

हे वर्गात करून बघता येतं. खऱ्या गोलची रुंदी ७.३२ मीटर, तेवढ्या अंतरावर दोन विटा ठेवा. दोन्हींना सुतळी बांधून टोकं समोर चेंडूपाशी एकत्र धरा. झाला त्रिकोण! गोली दोन विटांच्या मधोमध रेषेवर उभा असेल तर दोन्ही बाजूंना केवढी तरी जागा मोकळी. आता त्याला चेंडूकडे चार पावलं पुढे यायला सांगा. सुतळ्या त्याच्या हातांच्या जवळ येतात, मोकळी जागा कमी होते. कोन शिकवायला याहून सोपं साधन मला तरी सापडलेलं नाही.

"मग चेंडूपर्यंतच का नाही जायचं?" तिसरीतल्या एका मुलीनं विचारलं. तिलाच पुढे उभं केलं. पोरांनी चेंडू तिच्या डोक्यावरून उडवला आणि तो थेट विटांच्या मधून गेला.